तिसरा सिलेंडर

गाडी पहिल्यांदा अडखळली तेव्हा मी गाडीत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर तीन आठवडे मी जे जे बोललो ते सगळं जणू शेजारच्या सीटवर बसून पाहिल्यासारखं बोललो.

नोव्हेंबरातली सकाळ होती, ओली आणि करडी. बायको आमच्या चार वर्षांच्या लेकीला मागे बसवून उंटरश्लाइसहाइमहून गार्चिंगला निघाली होती. ती रंगीत तालीम होती. गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेने तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती, जानेवारीपासून. पुण्यात असताना ती सूक्ष्मजीवशास्त्रात काम करायची. जर्मनीत आल्यापासून चार वर्षं घरी होती, आणि त्या चार वर्षांत तिने किती अर्ज पाठवले ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. संस्थेच्या आवारातच किटा होतं, म्हणजे पाळणाघर, आणि तिथे लेकीला जागाही मिळत होती. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. अडचण एकच. आमच्या घरापासून गार्चिंग गाडीने वीस मिनिटांवर, पण रेल्वेने जायचं तर एस-बानने, म्हणजे लोकलने, आधी म्युनिक शहरात शिरायचं आणि तिथून उ-बानने, म्हणजे मेट्रोने, पुन्हा बाहेर यायचं. लेकीला घेऊन सव्वा तास, तोही गाड्या वेळेवर असल्या तर. मी रेल्वेने कामाला निघायचो साडेसहालाच, त्यामुळे माझा उपयोग नव्हता. थोडक्यात, ती गाडी चालवणार असेल तरच नोकरी होती.

आणि गाडी चालवणं तिने सहजासहजी मिळवलेलं नव्हतं. भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चालतं, मग परीक्षा. लेखी ती पहिल्या झटक्यात पास झाली. प्रत्यक्ष परीक्षेत दोनदा नापास. एकदा उजवीकडून येणाऱ्या सायकलला आधी जाऊ दिलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा आउटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, शिरताना वेग कमी पडला म्हणून. तिसऱ्यांदा पास झाली त्या दिवशी तिने शिरा केला आणि लायसन्स देवासमोर ठेवलं. मी हसलो होतो.

त्या सकाळी ती नेमकी आउटोबानच्या चढावरच होती. तिने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी हिसके द्यायला लागली. ताकदच गेली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. मागे ट्रक होता, त्याने हॉर्न धरून ठेवला. कशीबशी तिने गाडी कडेला घेतली, थोडा वेळ थांबली, आणि पुढच्या फाट्याला उतरून गावागावांतून हळूहळू घरी आली.

मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि जाकीट न काढता, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती किती घाबरलीय ते मला दिसलं. तरी मी विचारलं, "कुठल्या गिअरमध्ये होतीस?"

"तिसऱ्या."

"वेग?"

"मी बघितलं नाही रे. मागे ट्रक होता."

"मग क्लच लवकर सोडला असशील. इंजिन दबलं, दुसरं काय."

मी खाली जाऊन गाडी बघितलीसुद्धा नव्हती. वर मला विनोद सुचला. म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." ती हसली नाही. लेकीचे बूट काढत राहिली.

दुपारी ऊन पडलं. मी गाडी घेऊन त्याच चढावर गेलो. गाडी लोण्यासारखी गेली. दोनदा गेलो, दोनदा आलो. दिवाही विझलेला. घरी येऊन म्हटलं, "बघ, काही नाहीये." मला फार बरं वाटलं होतं, हे आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. नापास होण्याच्या तिच्या त्या दुसऱ्या कारणाची मला आठवण नव्हती असं नाही. होती. म्हणूनच तर माझा निष्कर्ष मला इतका पटला.

तीन दिवसांनी रेल्वे सोडून गाडीने ऑफिसला जाताना, धुक्यात, गाडी माझ्याखालीही अडखळली. अगदी तशीच. दिवा तसाच उघडझाप. कबूल करायची वेळ खरं तर तीच होती. संध्याकाळी मी घरी आलो आणि म्हणालो, "गाडीत काहीतरी आहे, पण तुझ्या चालवण्याने ते वाढलं असणार." ती म्हणाली, "बरं." त्या दिवसापासून तिने गाडी चालवली नाही. मी विचारलं की "बघू" म्हणायची.

मग मला घोर लागला. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, चुका शोधणं हेच माझं पोट. यंत्रातून निघणारी नोंद वाचायची, कुठल्या ओळीत बिघडलं ते हेरायचं, दुरुस्त करायचं. आजकालच्या गाडीचंही तसंच असतं असं मी धरून चाललो. काडेपेटीएवढा एक डबा मागवला, स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवला आणि फोनला जोडला. इंजिनाचा मेंदू आपण होऊन बोलायला लागला. चार सिलेंडर, त्यातल्या तिसऱ्यात ठिणगी पडूनही पेट्रोल पेटत नाही, म्हणजे मिसफायर. नुसतं एवढंच नाही, तर किती वेळा पेटलं नाही त्याचा आकडाही फोनवर दिसायचा. तो आकडा मी लाल सिग्नलला बघायचो, हिरव्यालाही बघायचो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून गाडीवाल्यांचे मंच वाचायचो. तिथे एकापेक्षा एक उंटावरचे शहाणे. एक म्हणे इंजेक्टर, एक म्हणे व्हॉल्व्हवर कार्बन, एक म्हणे इंजिन विका आणि सायकल घ्या. मी सगळ्यांचं ऐकत होतो. फक्त घरातल्या एका माणसाचं सोडून.

"शेवटचं पेट्रोल कुठलं भरलंस?" मी तिला एकदा जेवताना विचारलं.

"ई-टेन. तूच म्हणाला होतास चालतं."

"या इंजिनाला नसेल चालत."

पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं होतं, चालतं म्हणून. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं आणि गप्प बसलो. टाकीत साफ करणारं औषध ओतलं. हवेचा फिल्टर बदलला. काही फरक नाही. कोरड्या दिवशी गाडी शहाणी, दमट दिवशी वेडी. लेक मागून म्हणायची, "पापा, दास आउटो हुस्टेट," म्हणजे गाडी खोकतेय. मी तिला मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि गाडी दोघांच्या मध्ये खोकायची.

एका शनिवारी मी घराखालच्या पार्किंगमध्ये इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि कॉइलची अदलाबदल केली. प्रत्येक सिलेंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, बोटभर लांब रबरी नळी असलेली. ती खालच्या स्पार्क प्लगला वीज देते. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावायची आणि पहिल्याची तिसऱ्यावर. दोष पहिल्यावर गेला तर कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिला तर दुसरं काहीतरी. शाळकरी पोरालाही कळेल इतकं सरळ गणित. उत्तर आलं ते असं: आता तिसराही चुकत होता आणि पहिलाही. हे कुठल्याच मंचावर लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्याची नळी काढताना बोटांना काहीतरी चिकट लागलं होतं. पार्किंगमधला दिवा दर दोन मिनिटांनी विझायचा. मी मनाशी म्हटलं, तेल असेल, आणि पँटला पुसलं. मग प्लग काढायला गेलो. बाकीचे तीन फिरले, तिसरा हलेना. जोर लावला तर आत तुटेल या भीतीने मी तो तसाच ठेवला. जिथे अडलं होतं तिथेच मी पाहिलं नाही, आणि घरी येऊन फोनवरच्या आकड्यांचे आलेख काढत बसलो.

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. सोमवारपर्यंत संस्थेला उत्तर द्यायचं होतं. मी तिला म्हटलं, "शनिवारी संपवतो मी हे. तोपर्यंत थांब." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बघू."

घराच्या पार्किंगमध्ये खरं तर गाडी दुरुस्त करायला मनाई होती, तसा कागदच जिन्यात लावलेला होता. म्हणून शनिवारी सकाळी मी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. इथे अशी सोय असते. तासावर जागा घ्यायची, हत्यारं त्यांची, हात आपले. देखरेखीला एक माइस्टर असतो, म्हणजे त्या कामातला परीक्षा दिलेला उस्ताद. हा साठीच्या पुढचा होता, करडा डगला, गळ्यात दोरीने लटकलेला चष्मा. मी त्याला तीन आठवड्यांचे आलेख दाखवले. छापून नेले होते, रंगीत. त्याने ते डगल्याला हात पुसून अदबीने घेतले, आणि न वाचता बाकावर ठेवले.

"तिसरा प्लग कसा दिसतो?" त्याने विचारलं.

"तो निघत नाही."

"पण दिसतो कसा?"

"पाहिला नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याने इंजिन थोडं गरम केलं, कॉइल काढली, प्लगच्या खळग्यात तेलाचे थेंब सोडले आणि मला म्हणाला, कॉफी घेऊन ये. मला कॉफी नको होती. मी त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत राहिलो. त्याने दोनदा सांगितलं की माझ्या उजेडात येऊ नकोस. अर्ध्या तासाने त्याने पाना लावला. थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल. प्लग करकर वाजत वर आला.

प्लगचा पांढरा भाग चिनीमातीचा असतो, कपबशीसारखा. त्यावर वरपासून खालपर्यंत एक काळपट रेघ जळून उमटली होती. वीज आत ठिणगी पाडायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरच्या लोखंडात पळत होती. बुडाशी गंज, आणि गंजावर तपकिरी खरपुडी. हीच घाण कॉइलच्या नळीला लागली होती, म्हणून मी ती पहिल्यावर नेली तेव्हा आजारही बरोबर नेला. माइस्टरने खळग्यात बॅटरी मारली, आत वाकला, मग चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. एक तपकिरी धागा. टोकाला लाल.

"हे तेल नाही," तो म्हणाला. "गोडसर काहीतरी आहे. इथे काय ओतलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला आठवलं.

हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण मला तरी कुठे आठवत होतं. दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा केली होती. इमारतीसमोर, पाहुण्यांच्या गाड्या लागतात तिथे. बायकोने फोन धरला होता आणि फोनमध्ये माझी आई होती, चिंचवडहून. आमची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला बाबा गिरणीला हार घालायचे आणि फोडलेल्या नारळाचं पाणी मोटरच्या लोखंडी खोक्यावर शिंपडायचे. यंत्र वर्षभर राबतं, त्याला पहिला घोट द्यायचा, असं ते म्हणत. बाबा गेले, गिरणी बंद झाली, आईच्या मनात ती तशीच राहिली. मी टायरपुढे नारळ फोडला तेव्हा आई म्हणाली, "अरे, इंजिनाला दे की थोडं. बाबांनी कधी मोटर कोरडी ठेवली नाही."

बायको म्हणाली, "अहो आई, या गाड्यांच्या आत सगळं इलेक्ट्रॉनिक असतं. टायरपुढे फोडलाय ना, पोचलं ते." आणि मला हळूच म्हणाली, "आत नको रे ओतूस."

मी बॉनेट उघडलं. एवढ्यावर न थांबता वरचं प्लास्टिकचं झाकणही काढलं, कारण आईला इंजिन दिसायला हवं होतं. त्यावर कुंकू लावलं. आणि शिंपडलं नाही, तर करवंटीतलं सगळं पाणी ओतलं, कारण आई बघत होती आणि मला चांगला मुलगा दिसायचं होतं. गाडी जुनी, कॉइलच्या माथ्यावरची रबरं कडक झालेली. पाणी जिथे शिरायचं तिथे शिरलं, आणि त्याच्याबरोबर नारळाच्या शेंडीचा कुंकू लागलेला एक धागाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माइस्टरला हे सांगणं भाग होतं. जर्मनमध्ये नारळाला काय म्हणतात ते मला येत होतं, पूजेला काय म्हणायचं ते येत नव्हतं. आल्झो, आल्झो, म्हणजे आपलं 'तर, तर' करत मी कसंबसं सांगितलं. तो हसेल म्हणून मी आधीच कसनुसं हसून घेतलं. तो हसला नाही. "आमच्या गावातही पाद्री वर्षातून एकदा गाड्यांवर पाणी शिंपडतो," तो म्हणाला. "फक्त बॉनेट बंद असतं."

चारही प्लग नवे घातले, तिसऱ्या आणि पहिल्यावर नव्या कॉइल बसवल्या, खळगे पुसून कोरडे केले. गाडी सुरू केली. इतकी शांत, की मी दोनदा किल्ली तपासली. बाहेर बारीक पाऊस होता, म्हणजे तिचं वेड उसळायला अगदी योग्य हवा. मी मुद्दाम त्याच चढावरून आउटोबानवर शिरलो. गाडीने कुरकुर न करता वेग घेतला. फोनवर तिसऱ्या सिलेंडरपुढे शून्य, आणि ते शून्यच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पुढच्या फाट्याला उतरून लांबच्या रस्त्याने घरी निघालो.

कारण घरी जाऊन काय सांगायचं हा प्रश्न होता. एक वाक्य तयार होतं: कॉइल गेली होती, बदलली. यात खोटं काहीही नव्हतं. कॉइल खरंच गेली होती. ती "बरं" म्हणेल, सोमवारी होकार कळवेल, गाडी चालवायला लागेल, आणि दसऱ्याचा विषय निघायचं कारणच उरणार नाही. प्रत्येक सिग्नलला मी ते वाक्य म्हणून पाहिलं. चांगलं बसत होतं.

घरी ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. लेक एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, तिला पाचला आणायचं होतं.

"कॉइल गेली होती," मी म्हणालो. "बदलली."

"असं होय." तिने शेंग सोलली. दाणे भांड्यात पडले. पुढची शेंग घेतली.

ती काहीतरी विचारेल म्हणून मी थांबलो. तिने काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत तिने विचारायचंच सोडलं होतं, आणि ते मला त्या क्षणी कळलं. मी खुर्ची ओढून बसलो, पुन्हा उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नारळ, करवंटी, तिने नको म्हटलं होतं ते, तो लाल टोकाचा धागा. पेट्रोलच्या झाकणावर काय छापलं होतं तेही सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी बरोबर चालवत होते."

"हो."

"क्लचसुद्धा."

"सगळंच. तो ट्रक मागे असताना तू गाडी कडेला नीट घेतलीस, तेच अवघड होतं. मी असतो तर मलाही जमलं नसतं कदाचित."

"तीन आठवडे मी झोपेत क्लच दाबतेय," ती म्हणाली. "कुठे चुकलं ते शोधत. रोज."

मला तिच्याकडे बघवेना. घाईघाईने म्हणालो, "सोमवारी होकार कळव. आता गाडीचं काही होणार नाही. मी स्वतः बघितलंय."

"मी काल दुपारीच नाही म्हणून मेल पाठवली."

मी म्हणालो की फोन कर, त्यांना सांग गाडीचा प्रॉब्लेम होता, लोक समजून घेतात. ती म्हणाली, "काय सांगू? नवऱ्याने इंजिनाला शहाळं पाजलं म्हणून?" तिला हसू आलं, मलाही आलं, आणि दोघांचंही मध्येच थांबलं.

"नारळाचं जाऊ दे रे," ती म्हणाली. "आईंसाठी केलंस, ठीक आहे. पण त्या दिवशी तुला माहीत नव्हतं ना काय झालंय ते? मग माहीत नाही असं का नाही म्हणालास?"

तिने त्या सोमवारी संस्थेत फोन केला, पण ती जागा तोवर दुसऱ्या उमेदवाराला दिलेली होती. तिला दुसरी नोकरी मिळायला पुढे चौदा महिने गेले. गाडी त्यानंतर एकदाही अडखळली नाही.

त्या संध्याकाळी पावणेपाच झाले तसे तिने हात धुतले आणि टेबलावरची किल्ली उचलली. मी लगेच उठून जाकीट घ्यायला लागलो.

"तू बस," ती म्हणाली. "मी आणते तिला."

मी बसलो. थोड्या वेळाने खालच्या पार्किंगचं दार वर सरकल्याचा आवाज आला, मग गाडी बाहेर पडल्याचा. अर्धे मटार तसेच राहिले होते, ते मी सोलायला घेतले.